फोन माझा, सिम कुणाचं?

एकतीस हजार रुपये फक्त! आकडा आठवतोय? २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन थ्रीजी भारतात आला, तेव्हा आठ जीबीच्या फोनची ही किंमत होती. सोळा जीबीचा हवा असेल तर ३६,१०० मोजा. आणि तोही कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे मिळणार नाही. एअरटेल नाहीतर व्होडाफोन, या दोघांपैकी एकाच्या दारात जायचं, त्यांचंच सिम घ्यायचं आणि त्यांचंच वापरायचं. फोन त्याच कंपनीच्या सिमला कुलूपबंद!

आज फोन घेताना ‘यात कुठल्या कंपनीचं सिम चालेल हो?’ असं कुणी विचारलं, तर दुकानदार आपल्या तोंडाकडे बघत राहील. पण तेव्हा हा प्रश्न जाम सीरियस होता. मी पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. हातात महिन्याला एकोणीस हजार यायचे. त्यातून फ्लॅटचं भाडं, डबा, पेट्रोल आणि शनिवारचा सिनेमा वजा केला, की आयफोनचं गणित किती महिन्यांनी सुटेल ते तुम्हीच काढा.

किमतीपेक्षाही जास्त लागला तो अपेक्षाभंग. अडीच महिन्यांपूर्वी, ९ जून २००८ ला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्स यांनी या फोनची किंमत जाहीर केली होती १९९ डॉलर. जवळपास सगळ्या देशांत ती यापेक्षा जास्त नसेल, असंही ते म्हणाले होते. १९९ डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेआठ हजार रुपये. झालं! त्या दिवसापासून आमच्या अख्ख्या फ्लोअरला साडेआठ हजारांची स्वप्नं पडायला लागली. कुणी दिवाळीचा बोनस त्यासाठी राखून ठेवला, कुणी बायकोला आधीच पटवून ठेवलं. ‘ड्यूटी-बिटी धरून दहा हजार, लिहून घ्या माझ्याकडून,’ असं आमचा टीम लीडर छातीठोकपणे सांगायचा.

मग २२ तारीख उजाडली आणि कॅन्टीनमध्ये नुसता कल्ला. ‘एकतीस हजारांत सेकंडहँड बाईक येते राव!’ ही पहिली प्रतिक्रिया. मग एकेक दोष बाहेर यायला लागले. यात एसएमएस फॉरवर्ड होत नाही. ब्लूटूथवरून मित्राला गाणं पाठवता येत नाही. व्हिडिओ शूटिंग नाही. कॉपी-पेस्टसुद्धा नाही! आमच्या नोकियात हे सगळं होतं आणि तो याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. शेवटी कुणीतरी ब्रह्मास्त्र काढलं, ‘आणि थ्रीजी फोन घेऊन करणार काय? देशात थ्रीजी आहे कुठे?’ खरंच नव्हतं. खाजगी कंपन्यांसाठी थ्रीजीचा लिलाव झाला तो २०१० च्या एप्रिल-मेमध्ये. म्हणजे गाडी आधी आली आणि रस्ता दोन वर्षांनी!

त्या सगळ्या कल्ल्यात एकच व्यक्ती गप्प होती, माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण. तिची गोष्ट पुढे सांगते.

साडेआठ हजारांचं गुपित

माझा एक आतेभाऊ तेव्हा न्यू जर्सीत होता. त्या शनिवारी रात्री मी त्याला ऑनलाइन गाठलं आणि थेट विषयाला हात घातला, ‘दादा, मला तिथूनच एक घेऊन पाठव ना. साडेआठ हजार तुझ्या आईकडे लगेच देते.’

तो हसत सुटला. ‘अगं, इथे तो असा भाजीसारखा मिळत नाही. दोन वर्षांचा करार करावा लागतो, तोही फक्त एटीअँडटीशी. मी आणि तुझी वहिनी दुसऱ्या कंपनीच्या फॅमिली प्लॅनवर आहोत. तो मधेच मोडला तर दंड भरावा लागतो. आम्हालाच परवडत नाही, तुला कुठून पाठवू?’

मग त्याने मला तिथलं बिल समजावून सांगितलं. आयफोन थ्रीजीसाठी सगळ्यात स्वस्त बोलण्याचा प्लॅन चाळीस डॉलरच्या आसपास आणि त्यावर इंटरनेटचे सक्तीचे तीस. महिन्याला सत्तर डॉलर, टॅक्स आणि एसएमएस वेगळे. सत्तर गुणिले चोवीस म्हणजे १,६८० डॉलर. त्यात फोनचे १९९ मिळवले की होतात १,८७९. रुपयांत सांगायचं तर ऐंशी हजारांच्या घरात! अर्थात त्यात दोन वर्षांचं बोलणं आणि इंटरनेट आलं, आणि कुठलाही फोन घेतला तरी थोडंफार बिल तर भरावं लागलंच असतं. पण १९९ ही काही फोनची किंमत नव्हती. ते दाराशी ठेवायचं तिकीट होतं. फोनची उरलेली किंमत एटीअँडटी ॲपलला देत होती आणि दोन वर्षांत गिऱ्हाईकाकडून वसूल करत होती.

त्याआधीच्या वर्षी तर अमेरिकन गिऱ्हाईकाची अवस्था आणखी मजेशीर होती. पहिला आयफोन २९ जून २००७ ला आला, तेव्हा किंमत होती ४९९ आणि ५९९ डॉलर, आणि वर एटीअँडटीचा दोन वर्षांचा करार होताच. म्हणजे पैसेही भरघोस द्या आणि बांधूनही घ्या. तरी लोक रांगा लावून उभे राहिले. आणि ६८ दिवसांनी, ५ सप्टेंबरला, ॲपलने मोठ्या फोनची किंमत एका फटक्यात दोनशे डॉलरनी उतरवली. रांगेत उभं राहिलेली मंडळी जी भडकली! एवढी, की दुसऱ्याच दिवशी जॉब्स यांना जाहीर पत्र लिहावं लागलं आणि आधीच्या गिऱ्हाईकांना शंभर डॉलरची खरेदी ॲपलच्याच दुकानात फुकट द्यावी लागली.

पुढे तिथे लोकांचा राग किमतीवरून नेटवर्ककडे वळला. फोन सुरेख, पण कॉल कट होतात, अशी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत कायम ओरड असायची. २००९ मध्ये एटीअँडटीनेही या दोन शहरांत सेवा कमी पडत असल्याचं मान्य केलं. आपल्याकडे असं झालं की आपण काय करतो? सिम काढतो, दुसरं टाकतो. त्यांना ती सोय नव्हती. फोन आवडला म्हणून नेटवर्कही सोसायचं, असा तो मामला होता. लग्नात नवरा आवडला म्हणून आत्याबाईंचे टोमणेही गोड मानून घ्यायचे, त्यातलाच प्रकार!

बाबांचा एक शब्द

गणपतीला सांगलीला घरी गेले तेव्हा हे सगळं मी बाबांना सांगितलं. बाबांनी अख्खी नोकरी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काढली. मोबाईल त्यांना फक्त हिरवं आणि लाल बटण एवढाच माहीत. पण माझा सगळा डेटा प्लॅन आणि करार ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘अगं, ही तर उचल झाली की!’

ज्यांना यार्ड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकऱ्याला पेरणीला, खताला किंवा घरातल्या लग्नाला पैसे लागतात. अडत्या ते आगाऊ देतो. ती उचल. त्याच्या बदल्यात शेतकऱ्याने पिकलेली हळद त्याच्याच अडतीला घालायची आणि मालाची पट्टी होताना उचल त्यातून वळती व्हायची. दुसऱ्या अडतीला दोन पैसे जास्त मिळत असले तरी तिकडे जाता येत नाही.

बाबा म्हणाले, ‘अमेरिकेतल्या लोकास्नी कंपनीनं उचल दिली आणि सांगितलं, दोन वर्षं माल आमच्याच अडतीला घाला. बरोबर? मग तुम्हास्नी उचल दिली किती?’

‘काहीच नाही. पूर्ण एकतीस हजार आपणच द्यायचे.’

‘आणि माल मात्र त्यांच्याच अडतीला घालायचा? मग कोण घालंल?’

आठ दिवस कॅन्टीनमध्ये जो वाद चालला होता, तो बाबांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकालात काढला. कंपन्यांची बाजू तशी चूक नव्हती. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक प्रीपेड. आज सिम घेतलं, उद्या फेकलं. त्याला वीस हजारांची सूट देऊन दोन वर्षं धरून कोण ठेवणार? म्हणून सूट नाही. हे समजण्यासारखं आहे. पण मग कुलूप कशाला? सूट नाही तर बंधन नाही, इतका साधा हिशेब होता. तो ज्याने त्याने मनात केला आणि दुकानाच्या पायऱ्या न चढता घरी गेला.

आणि आपण बंधनाच्या विरोधात असतो असंही नाही बरं का. २००३ चा पावसाळा आठवा! रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ काढला. ५०१ रुपये भरा, फोन घरी न्या, बाकीचं हळूहळू. त्या फोनमध्ये तर वेगळं सिम कार्डच नव्हतं. यापेक्षा पक्कं कुलूप काय असणार? पण लोकांनी तो आनंदाने घेतला. रिक्षावाल्यांनी घेतला, भाजीवाल्यांनी घेतला. कारण उचल घसघशीत होती.

जगभर तीच ओरड

मला वाटत होतं आपणच तेवढे किरकिरे. पण २००७-०८ मध्ये देशोदेशीच्या गिऱ्हाईकांनी या ‘फक्त आमच्याकडेच’ प्रकाराविरुद्ध काय काय केलं, ते वाचलं की बरं वाटतं.

कॅनडात हा फोन रॉजर्स या कंपनीकडे होता आणि करार चक्क तीन वर्षांचा. लोकांनी तक्रारअर्जावर हजारोंनी सह्या केल्या. शेवटी विक्री सुरू व्हायच्या दोन दिवस आधी कंपनीने तीस डॉलरमध्ये सहा जीबी इंटरनेट देणारी खास योजना आणली. जर्मनीत हक्क टी-मोबाईलकडे होते. तिथे व्होडाफोनच कोर्टात गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये काही दिवस टी-मोबाईलला बिनकुलपाचा फोनही विकावा लागला. त्याची किंमत लावली ९९९ युरो! करारासकट तोच फोन ३९९ ला होता. फ्रान्समध्ये तर फोनबरोबर करार गळ्यात मारायलाच कायद्याची मनाई, त्यामुळे ऑरेंजला तो करारावाचूनही विकावा लागला. पुढे डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या स्पर्धा मंडळाने ऑरेंजचा एकाधिकारच स्थगित केला.

सगळ्यात धमाल पोलंडची. तिथे आयफोन आपल्याच दिवशी, २२ ऑगस्ट २००८ ला आला. तिथेही ऑरेंज. उत्साह दिसावा म्हणून कंपनीने वीस दुकानांबाहेर चक्क भाड्याचे कलाकार रांगेत उभे केले! बातमी फुटल्यावर कंपनीने ते कबूलही केलं. लग्नात बँडवाले भाड्याने आणतात हे ठीक, पण वऱ्हाडच भाड्याने आणलेलं पहिल्यांदा ऐकलं.

आणि न्यू जर्सीतला तो सतरा वर्षांचा पोरगा, जॉर्ज हॉट्झ! ऑगस्ट २००७ मध्ये त्याने आपल्या घरी बसून आयफोनचं कुलूप तोडलं आणि त्यात टी-मोबाईलचं सिम चालवून दाखवलं. असा एक उघडलेला फोन देऊन त्या बदल्यात त्याने निस्सान ३५० झेड ही स्पोर्ट्स कार आणि तीन नवे आयफोन मिळवले. त्या वयात आपण काय करत होतो? बारावीचे क्लास!

आपल्याकडचं उत्तर म्हणजे अर्थातच ग्रे मार्केट. भारतात अधिकृत आयफोन येण्याआधीच मुंबईच्या हीरा पन्ना आणि मनीष मार्केटमध्ये कुलूप तोडलेले फोन मिळायचे. बिल नाही, वॉरंटी नाही, पण कुठलंही सिम टाका, चालतंय. फक्त एक पथ्य पाळायचं, सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही. २७ सप्टेंबर २००७ च्या अपडेटने जगभरातल्या असल्या फोनांची अक्षरशः वीट केली होती. आमच्या ऑफिसात एकाकडे तसा फोन होता. तो कॉम्प्युटरला जोडताना देवाचं नाव घेऊन जोडायचा.

दोन फोनवाली शेजारीण

आता ती गप्प बसलेली मैत्रीण.

तिने फोन घेतला. सप्टेंबर २००८ मध्ये, रोख पैसे देऊन. आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. ती एवढंच म्हणाली, ‘घरात पहिल्यांदा कुणीतरी स्वतःसाठी काहीतरी घेतलंय.’ दोन भावांच्या फिया आणि वडिलांचं आजारपण सांभाळून तिने ते पैसे साठवले होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्यानंतर कुणी चेष्टा केली नाही. तिच्यासाठी तो फोन म्हणजे तिचं स्वतःचं असं काहीतरी होतं. त्याला किती जीबी आणि किती मेगापिक्सेल, हा प्रश्नच नव्हता.

पण तिचा नंबर तिसऱ्याच कंपनीचा होता, आणि तेव्हा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे नव्हती. ती आली २०११ मध्ये. म्हणजे नवा फोन हवा तर नवा नंबर घ्या. कॉलेजपासूनचा नंबर, बायोडेटावर तोच, बँकेत तोच, गावाकडच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी पेनाने लिहिलेला तोच. म्हणून ती दोन फोन बाळगायला लागली. पर्सच्या एका कप्प्यात मऊ कापडात गुंडाळलेला एकतीस हजारांचा आयफोन आणि दुसऱ्या कप्प्यात किल्ल्यांबरोबर खुळखुळणारा जुना नोकिया. फोन वाजला की दोन्ही कप्पे उचकायची. आम्ही हसायचो, तीही हसायची.

तेवढ्यात मंदी आली. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली आणि हिवाळ्यापर्यंत आमच्या मजल्यावरच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. आधी बसचे पास बंद झाले, मग कॉफी मशीन गेलं, मग माणसं. मार्चमध्ये तिचं नाव आलं. तिने शंभर ठिकाणी बायोडेटा पाठवले असतील. नवे सगळे नव्या नंबरने, पण आधीचे जुन्या नंबरने गेलेले होते. त्यात दोन फोनचा खर्च. जुना नोकिया मागे पडत गेला. ‘लाइफटाइम’ म्हणून घेतलेल्या कार्डालाही सहा महिन्यांतून रिचार्ज लागायचा. तो राहिला आणि नंबर बंद झाला.

एका कंपनीत तिची पहिली फेरी झाली होती. दुसऱ्या फेरीचा फोन त्याच जुन्या नंबरवर गेला. दोनदा लावला, लागला नाही, मग त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं. हे तिला पंधरा दिवसांनी कळलं, तिथे काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून. त्या दिवशी ती रडली नाही, चिडलीही नाही. आयफोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘याची काय चूक? हा तर छान चालतोय.’ तिला पुढे चार महिन्यांनी नोकरी लागली, नाशिकला, पगार थोडा कमी.

वर्षअखेरीस एकदा सवयीने माझ्या बोटांनी तिचा जुना नंबर लावला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज, ‘कोण पायजे ताई? ह्यो नंबर आता आमचा हाय.’ फोन ठेवल्यावर मला बराच वेळ कसंतरी होत राहिलं. ‘फक्त आमच्याकडेच’ या करारात दोन कंपन्यांनी काय कमावलं, काय गमावलं, याचे हिशेब पेपरात येतात. दहा आकडी नंबरात माणसाची किती वर्षं साठलेली असतात, ते त्या हिशेबात येत नाही.

मग पुढे काय झालं?

कुलपं हळूहळू उघडली. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला अमेरिकेत आयफोन व्हेरायझनकडेही मिळायला लागला आणि एटीअँडटीची साडेतीन वर्षांची मक्तेदारी संपली. तिथे लोकांनी व्हाइट हाऊसकडे एक लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज केला, तेव्हा कुठे १ ऑगस्ट २०१४ ला फोनचं कुलूप उघडण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर ओबामांची सही झाली.

आपल्याकडे कायद्याची वाट कुणी पाहिली नाही. आपण फक्त घेतलं नाही! २०११ च्या मेमध्ये आयफोन फोर आला तोही एअरटेल आणि एअरसेलमार्फतच, ३४,५०० ला. पण २०१२ पासून तो वितरकांमार्फत साध्या दुकानांत यायला लागला आणि २०१३ मध्ये त्यावर सुलभ हप्ते आणि जुन्या फोनच्या बदल्यात सूट सुरू झाली, तेव्हा खरी गर्दी झाली. म्हणजे उचल मिळाली, पण सिमचं बंधन नाही. बाबांच्या नियमाप्रमाणेच झालं की! पुढे एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, त्याच वर्षी व्होडाफोन आयडियात विलीन झाली. ज्यांच्या नावाने आपण जन्मभराच्या निष्ठा लिहून देणार होतो, त्या कंपन्याच जागेवर राहिल्या नाहीत.

‘फक्त आमच्याकडेच’ मात्र मेलं नाही, नुसतं घर बदललं. २०१४ च्या फेब्रुवारीत मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर, जुलैत शाओमीचा एमआय थ्री तिथेच, आणि डिसेंबरात वनप्लस वन फक्त ॲमेझॉनवर, तोही आमंत्रण असेल तरच. सेल सुरू व्हायच्या आधी ऑफिसात मीटिंगच्या नावाखाली लॅपटॉप उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तिथे लोक चिडायचे ते फोन मिळाला नाही म्हणून. एकदा मिळाला की तो पूर्ण तुमचा, सिम कुठलंही टाका. मग २०१७ मध्ये जिओफोन आला. दीड हजाराचं परत मिळणारं डिपॉझिट आणि सिम फक्त जिओचं. पक्कं कुलूप, पण लोकांनी तो घेतला. २००३ ला घेतला, २००८ ला नाही, २०१७ ला पुन्हा घेतला. आपलं गिऱ्हाईक चंचल आहे असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. उचल दिली तर बांधून घेईन, नाही दिली तर नाही. यात चंचलपणा कुठे आहे?

हे सगळं आज कशाला सांगायचं? कारण बांधून घेणारे अजून आहेत, फक्त दोरी दिसत नाही. हप्त्यावर घेतलेला फोन, ‘दोन वर्षांनी अमुक किमतीला परत घेऊ’ असा वायदा, एकाच कंपनीच्या घड्याळाशी आणि हेडफोनशी जुळणारा हँडसेट, वर्षभराचा फुकट म्हणून दिलेला आणि नंतर खात्यातून आपोआप पैसे कापणारा कुठला तरी प्लॅन. यातलं काहीच वाईट नाही. पण काउंटरवर सही करण्याआधी (किंवा स्क्रीनवर अंगठा लावण्याआधी म्हणा) तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? उचल किती? बांधील किती दिवस? आणि मधेच सुटायचं तर काय पडेल? समोरचा तिन्हींची उत्तरं आकड्यांत देत असेल, तर खुशाल घ्या. ‘मॅडम, ऑफर आजच संपतेय,’ एवढंच म्हणत असेल, तर एक कप चहा पिऊन या.

माझा नंबर अजून तोच आहे, २००७ चा. कंपनी दोनदा बदलली, फोन किती बदलले ते मोजलं नाही. मैत्रिणीचा नाशिकचा नंबरही आता तिच्याबरोबर सगळीकडे फिरतो. परवा तिने मुलीसाठी फोन घेतला, पूर्ण पैसे देऊन. दुकानदाराने विचारलं, ‘ताई, ईएमआय करायचा का?’ ती म्हणाली, ‘नको. पण आधी सांगा, हिचं जुनंच सिम चालेल ना?’

दुकानदार बघत राहिला म्हणे!